रिलीव्हर आलाच नाही तर? अंतराळ स्टेशनावरच्या मुक्कामाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी शुभांशु शुक्ला यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की जून-जुलै २०२५ मधे ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनावर १८ दिवस राहून आले, तिथे जाणारे पहिले भारतीय, आणि जाता जाता हेही लिहिलं की १८ दिवस म्हणजे पाहुणचार, तिथली कायमची क्रू सहा-सहा महिने राहते. त्या एका वाक्यावरच एवढे प्रश्न आले की विचारू नका. एरवी या पानावर तुम्ही पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, होडीचं इंजिन याबद्दल विचारता, यावेळी ते सगळं पुढच्या अंकात. मी ३१ वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममधे काढली, अंतराळात गेलेलो नाही, पण महिनोन्‌महिने एका लोखंडी डब्यात मोजक्या माणसांबरोबर राहणं म्हणजे काय ते मला चांगलं माहिती आहे, आणि या स्टेशनाबद्दल मिळेल ते मी गेली वीस वर्षं वाचत आलोय.

प्रश्न (दापोलीहून एक ताई): काका, सुनीता विल्यम्स ८ दिवसांसाठी गेल्या आणि ९ महिने अडकल्या असं सगळ्या चॅनलवर चालू होतं. माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत त्यामुळे मला त्या बातम्या बघवत नव्हत्या. खरंच अडकल्या होत्या का? घरच्यांशी बोलता तरी येतं का?

ताई, तुम्हाला जरा मोठं उत्तर देतो, कारण हा प्रश्न बोटीवरच्या माणसाच्या घरातूनच येऊ शकतो.

झालं असं की सुनीता विल्यम्स आणि त्यांचे साथीदार बुच विल्मोर ५ जून २०२४ ला स्टारलायनर नावाच्या नव्या यानातून निघाले, माणसं घेऊन त्या यानाची ती पहिलीच फेरी होती. वाटेत हीलियम गळायला लागला, स्टेशनजवळ पोचताना काही थ्रस्टर, म्हणजे यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं, बंद पडले, कसंबसं जोडलं गेलं. खाली इंजिनिअर लोकांनी अडीच महिने तपासलं आणि शेवटी ठरलं की यात माणसं बसवून आणायची नाहीत, ७ सप्टेंबरला ते यान रिकामं खाली उतरलं. सप्टेंबरच्या शेवटी ड्रॅगन नावाचं दुसरं यान वर आलं ते चारऐवजी दोनच माणसं घेऊन, दोन सीटा या दोघांसाठी मोकळ्या ठेवून. मधल्या काळात काही झालंच तर काय, म्हणून वर आधीपासून उभ्या असलेल्या दुसऱ्या ड्रॅगनमधे सामानाच्या जागेत फोम टाकून दोघांची सोय करून ठेवली होती.

म्हणजे बघा, ऑक्टोबरपासून परतीची गाडी दारात उभी होती. पण ती गाडी घेऊन चौघं निघून गेले असते तर एवढ्या मोठ्या स्टेशनावर फक्त तिघं उरले असते. म्हणून मग सुनीता बाकीच्यांसारख्याच ड्युटीवर राहिल्या, उलट स्टेशनाच्या कमांडर झाल्या, आणि त्यांची रिलीव्हर टीम, म्हणजे त्यांच्या जागी ड्युटी घेणारी माणसं, मार्च २०२५ मधे १६ तारखेला पोचली, दोन दिवस चार्ज हातात दिला आणि निघाल्या. आपल्याकडे १९ मार्चची पहाट होती, साडेतीनच्या सुमारास फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरल्या, कॅप्सूलच्या भोवती डॉल्फिन फिरत होते ते तुम्हीही बघितलं असेल. २८६ दिवस झाले.

तर माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने वाईट होते आणि नंतरचे सहा महिने ही नेहमीची ड्युटी होती. हे मी अंदाजाने बोलत नाहीये. २०२० च्या मार्चमधे माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, बॅग भरून तयार होती, आणि बंदरं बंद झाली. कधी उतरवणार तर कोणालाच माहिती नाही, कंपनी रोज म्हणायची बघतो, आणि तो "बघतो" ऐकून ऐकून डोकं बधिर व्हायचं. जुलै संपता संपता उतरलो. त्या वर्षी जगभरात ४ लाखांच्या आसपास दर्यावर्दी असे बोटींवर अडकून पडले होते. काम जास्त झाल्याचा मला काही त्रास नाही झाला, कामच बरं वाटायचं. त्रास होता तो तारीख नसल्याचा. जूनमधे एकदा तारीख कळली आणि ती सुद्धा महिनाभर लांबची होती, तरी त्या रात्री मी नीट झोपलो. सुनीतांना ऑगस्टच्या शेवटी कळलं की फेब्रुवारीच्या आसपास परत, मग ते मार्च झालं, पण महिना कळला होता.

आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. सेर्गेई क्रिकालेव्ह हे नाव लक्षात ठेवा. मे १९९१ मधे सोव्हिएत युनियनमधून त्यांच्या मीर नावाच्या अंतराळ स्टेशनावर गेले, पाच महिन्यांसाठी, आणि ते वर असतानाच खाली त्यांचा देशच संपला. स्टेशन सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून थांबले, मार्च १९९२ मधे ३११ दिवसांनी उतरले ते वेगळ्याच देशात. हाच माणूस नंतर २ नोव्हेंबर २००० ला आत्ताच्या स्टेशनावर राहायला गेलेल्या पहिल्या तिघांमधे होता, त्या दिवसापासून आजपर्यंत ते स्टेशन एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. अलीकडचं म्हणजे फ्रँक रुबिओ, सहा महिन्यांसाठी गेले होते, डिसेंबर २०२२ मधे त्यांच्या सोयूझ या रशियन यानातला थंडाव्याचा द्रव गळून गेला, दुसरं रिकामं यान पाठवावं लागलं, आणि ते ३७१ दिवसांनी सप्टेंबर २०२३ मधे परत आले. सलग राहण्याचा विक्रम अजून वॅलेरी पोल्याकोव्ह यांचाच, ४३७ दिवस, मीरवर, १९९४-९५ मधे.

घरच्यांशी बोलता येतं हो. वरून इंटरनेटवरून साधा फोन लावता येतो, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेट असते, इमेल असते. मी पहिल्यांदा बोटीवर गेलो तेव्हा पत्र दोन महिन्यांनी मिळायचं, त्यापेक्षा हे खूप बरं. पण फोन ठेवल्यावरची दहा मिनिटं मात्र तशीच असणार ताई, ती तुम्हालाही माहिती आहेत आणि मिस्टरांनाही.

प्रश्न (विजयदुर्गचा एक सहावीतला मुलगा): वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तरंगतात ना?

नाही रे बाळा, असतं! स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या इथल्या ९० टक्क्यांच्या आसपास आहे. आता तू तुझ्या किल्ल्याच्या बुरुजावर उभा राहा आणि मनातल्या मनात समुद्राकडे तोफ डाग. गोळा थोडा लांब जाऊन पाण्यात पडेल. अजून दारू भर, अजून लांब पडेल. आता समज हवा आडवीच येत नाही आणि गोळा एवढ्या जोरात सुटला की तो खाली पडतोय खरा, पण पृथ्वी गोल असल्याने खालची जमीनही तेवढीच वाकत चाललीये, मग तो पडतच राहील आणि कधी टेकणारच नाही. स्टेशन असंच सारखं पडत असतं, तासाला २८ हजार किलोमीटर वेगाने, आणि आतली माणसं त्याच्याबरोबर पडत असतात म्हणून तरंगतात.

याच्यामुळे एक गोष्ट अशी होते जी आम्हा इंजिनवाल्यांना फार विचार करायला लावते, की तिथे गरम हवा वर जातच नाही, वर-खाली असं काही उरतच नाही ना. त्यामुळे झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी त्याच्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, म्हणून पंखे रात्रंदिवस चालू. बोटीवर आम्हाला जनरेटरच्या आवाजात गाढ झोप लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची. तिथेही तसंच असणार असं मला वाटतं.

प्रश्न (राजापूरहून दहावीतली विद्यार्थिनी): ते लोक स्वतःची लघवी गाळून पितात हे खरं आहे का? आमच्या वर्गात कोणी विश्वासच ठेवत नाही.

खरं आहे, आणि वर्गात सांग की यात छी करण्यासारखं काही नाही, ते पाणी आपल्या नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं. आपण कोकणातली माणसं, जुलैत अंगणात पाणी आणि मे महिन्यात टँकरची वाट, पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. वर पाणी न्यायचं म्हणजे रॉकेटने न्यायचं. म्हणून लघवी, घाम, श्वासातली वाफ सगळं गोळा करतात, आणि २०२३ मधे ते ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत पोचले. त्यातल्याच काही पाण्यातून विजेने ऑक्सिजन वेगळा काढतात, तोच श्वासाला.

आता यंत्र कसं चालतं ते सांगतो, माझ्या आवडीचा भाग आहे. बोटीवर आमच्याकडे फ्रेश वॉटर जनरेटर असतो, मेन इंजिनच्या गरम पाण्याच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी कमी दाबात उकळवायचं, वाफ थंड करायची, झालं गोडं पाणी. स्टेशनावरही कमी दाबात उकळवणंच आहे, पण तिथे वाफ वर आणि पाणी खाली असं वेगळं होत नाही, म्हणून आख्खा ड्रम गरागरा फिरवतात, पाणी कडेला चिकटतं आणि वाफ मधे राहते. काय सुंदर डोकं लावलंय बघ.

आणि यात एक गंमत झाली, गंमत म्हणजे त्यांच्यासाठी डोकेदुखी. २००९ मधे ते यंत्र तुंबलं. आत पांढरा क्षार बसला होता, कॅल्शियम सल्फेट. आमच्या जनरेटरमधे पण स्केल बसायचं, ॲसिड टाकून धुवावं लागायचं, पण इथे कॅल्शियम कुठून आलं? तर वजन नसल्याने अंतराळवीरांची हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं, आणि लघवी नीट राहावी म्हणून त्यात जे सल्फ्युरिक ॲसिड घालत होते त्याच्याशी मिळून क्षार तयार झाला. म्हणजे माणसाची हाडं पाण्याच्या मशीनमधे जाऊन बसली! पृथ्वीवर टेस्ट केली तेव्हा हे दिसलं नाही कारण इथल्या माणसांच्या लघवीत एवढं कॅल्शियमच नव्हतं. नंतर ॲसिड बदलून फॉस्फोरिक केलं तेव्हा बरं झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस त्याच विचारात होतो, की माणूस आणि मशीन इतके एकमेकांत गुंतलेले दुसरीकडे कुठे बघायला मिळणार.

अजून एक, वरच्या दापोलीच्या ताईंनीही वाचावं. मे २०२४ मधे याच यंत्राचा एक पंप गेला आणि बदली पंप स्टारलायनरमधून पाठवायचा ठरला, आता जागा कुठून काढायची, तर सुनीता आणि बुच यांच्या कपड्यांच्या बॅगा काढून ठेवल्या आणि पंप नेला. आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे असं वाटलं होतं. मग त्यांचे कपडे ऑगस्टमधे मालवाहू यानातून गेले.

प्रश्न (देवगडहून एक आजी): अरे बाबा, ते जेवतात काय? आपला हापूस नेता येत नाही का?

आजी, नमस्कार. शुभांशु शुक्लांनी आमरस नेला होता, गाजराचा आणि मूगडाळीचा हलवा पण नेला होता आणि बाकीच्यांना खायला घातला. हापूस कापून खायचा म्हणाल तर रसाचे थेंब हवेत गोळ्या होऊन फिरत बसणार आणि कुठल्यातरी पंख्यात जाणार, त्यापेक्षा पिशवीतला आमरस बरा. ताजी फळं जातात कधीमधी, मालवाहू यान आलं की सफरचंदं-संत्री येतात आणि आधी तीच संपतात.

बाकी चूल नाही, गॅस नाही, फोडणी नाही. सुकवलेलं जेवण असतं त्यात गरम पाणी घालायचं किंवा पाकीट गरम करायचं. पाव नेत नाहीत कारण चुरा उडतो, त्याऐवजी टॉर्टिया असते, १९८५ मधे एका मेक्सिकन अंतराळवीराने ती पहिल्यांदा नेली, दिसायला आपली पोळीच. मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात घालून बाटलीतून देतात. आणि तुम्हाला पटेल अशी गोष्ट म्हणजे वर गेल्यावर अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, चेहरा सुजल्यासारखा होतो, नाक चोंदतं, त्यामुळे चव लागत नाही. मग जो तो तिखट मागतो. तुमचं कुळथाचं पिठलं आणि वर लसणाची चटणी तिथे हातोहात संपली असती हे मी खात्रीने सांगतो.

प्रश्न (चिपळूणहून, वय ५२): वर राहून हाडं ठिसूळ होतात असं वाचलं. मला पण डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलंय. ते लोक काय करतात?

व्यायाम करतात, रोज जवळजवळ दोन तास, आणि तो ड्युटीचाच भाग असतो, टाळता येत नाही. काहीच केलं नाही तर कंबर, मांडी अशा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते दीड टक्का कमी होते. आता वर वजन उचलायचं कसं, डंबेलला वजनच नाही, म्हणून तिथल्या मशीनमधे दोन सिलिंडर असतात, आत निर्वात पोकळी, दांडा ओढला की ती पोकळी विरुद्ध ओढते. ट्रेडमिलवर पट्ट्याने बांधून घेऊन पळतात, सुनीता विल्यम्स एप्रिल २००७ मधे त्यावर बॉस्टन मॅरेथॉन पूर्ण पळाल्या, ४ तास २४ मिनिटांत.

तरीपण सगळं भरून येतंच असं नाही. सहा महिने राहून आलेल्यांत काहींच्या नडगीचं हाड वर्षभरानंतरही पहिल्यासारखं झालेलं नसतं. डोळ्यांवर परिणाम होतो, काहींना जवळचं अंधुक दिसतं. खाली आल्यावर उभं राहिलं की गरगरतं, वळणावर तोल जातो, आठवडेच्या आठवडे फिजिओथेरपी चालते. मी बोटीवरून आल्यावर दोन-तीन दिवस जमीन हलतेय असं वाटायचं, आई म्हणायची भिंत धरून चाल, त्याची शंभर पट कल्पना करा. तुमच्या बाबतीत वहिनी, एकच सांगतो, हाडाला भार लागतो म्हणून ते टिकतं हे तिथेही खरं आणि इथेही, पण किती चालायचं, काय उचलायचं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, माझ्यावर जाऊ नका.

प्रश्न (रत्नागिरीहून कॉलेजचा विद्यार्थी): त्यांचं बोलणं रेडिओवर ऐकू येतं का?

येतं. १४५.८०० मेगाहर्ट्झवर, हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ. शाळांशी गप्पा चालू असतील आणि स्टेशन आपल्या डोक्यावरून जात असेल तर ही फ्रिक्वेन्सी पकडणाऱ्या हातातल्या साध्या रेडिओवर पण ऐकता येतं, उलट बोलायला मात्र लायसन लागतं. शुक्लांनी जुलैत भारतातल्या मुलांशी असंच बोलणं केलं होतं.

प्रश्न (मालवणहून एक दादा): आमी पहाटे होडी घेऊन जातंव तेव्हा कधीतरी एक मोठो तारो सरसर जाताना दिसता, लुकलुकणा नाय की काय नाय. पोरगो म्हणता ता अंतराळ स्टेशन. खरा काय?

दादा, पोरगो बरोबर सांगता. विमान असतं तर लाल-हिरवे दिवे लुकलुकले असते. हा स्थिर पांढरा उजेड, शुक्रासारखा ठळक, पश्चिमेकडून पूर्वेच्या बाजूला जाणारा, जास्तीत जास्त पाच-सहा मिनिटं दिसणारा, हे स्टेशनच. दिवा त्याचा नसतो, त्याच्यावर पडलेलं ऊन आपल्याला दिसतं. खाली तुम्ही अंधारात आणि तिकडे ४०० किलोमीटर वर सूर्य आधीच उगवलेला, म्हणून पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला थोडा वेळच दिसतं, मध्यरात्री दिसणार नाही कारण तेव्हा तेही पृथ्वीच्या सावलीत असतं. पहाटेचं कधीकधी आकाशाच्या मधेच एकदम पेटल्यासारखं दिसतं, तिथे ते सावलीतून बाहेर आलेलं असतं. आपल्या महाराष्ट्राचा सगळा किनारा ते दोन मिनिटांच्या आत पार करेल एवढा त्याचा वेग, आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी, म्हणजे दिवसाला १६ वेळा सूर्य उगवतो आणि १६ वेळा मावळतो.

जून-जुलै तुमची होडी वर ओढलेली असते आणि आभाळही भरलेलं, तेव्हा नाद सोडा. ऑक्टोबरपासून आकाश मोकळं झालं की पोराला सांगा, नासाचं स्पॉट द स्टेशन म्हणून ॲप आहे त्यात आपलं ठिकाण टाकायचं, कुठल्या दिवशी किती वाजता कुठून दिसेल ते मिनिटासकट येतं. वर घड्याळ ग्रीनिचचं चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे तुम्ही पहाटे साडेपाचला जाळी टाकत असाल आणि तो उजेड डोक्यावरून गेला, तर वर त्यांच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि सहसा सात जण भिंतीला बांधलेल्या झोपायच्या पिशव्यांमधे, पंख्याच्या आवाजात झोपलेले असतात.